सत्ताविसावा डबा

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात घरतबाई एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आल्या. वर लिहिलं होतं, ‘शिक्षकाची वर्षभराची व्यावसायिक उद्दिष्टे’. वर्गासाठी पाच ओळी, शाळेसाठी पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीसमोर ‘पुरावा’ म्हणून एक चौकोन. त्यात फोटो चिकटवायचा. बाईंचा प्रश्न साधा होता. दहाच्या दहा ओळी भरल्याच पाहिजेत का?

मी म्हटलं, बाई, मला काय विचारता, मी तर दुधाचा हिशेबसुद्धा भिंतीवर लिहिते. त्या हसल्या. मग माझ्याच डायनिंग टेबलावर बसून त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि बाकीच्या आठ तिरकी रेघ मारून सोडून दिल्या.

शाळेसाठीची ओळ अशी होती: प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात न राहता प्रयोगशाळेतच खिळ्याला राहील. आणि वर्गासाठीची: नववीतील प्रत्येक विद्यार्थी एक तरी प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातांनी करेल व त्यात काय दिसले ते स्वतःच्या शब्दांत सांगेल.

‘प्रत्येक’ या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. नववीत सत्तावीस मुलं होती.

अनिता घरत आमच्या पेणच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. मी लग्न होऊन इथं आले तेव्हाही त्या तिथंच होत्या. तेव्हा सोबत आई होती. आई गेल्याला आता अकरा वर्षं झाली. वडील मिठागरावर कामाला होते, खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. दोन भावांचं शिक्षण, मग त्यांची लग्नं, मग आईचं दुखणं, यात बाईंचं स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं त्या म्हणतात, कोणामुळे राहिलं असं म्हणत नाहीत. मोठा भाऊ मुंबईला, धाकटा विलास गावीच. बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर त्यांना निडीजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञानाची नोकरी लागली. तेहतीस वर्षं सकाळच्या गाडीनं निडीला, परत येताना गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर एसटी. जिन्याखालून त्यांच्या चपलांचा आवाज गेला की मी चहाचं आधण ठेवते. घड्याळ बघावं लागत नाही.

येत्या एप्रिलअखेर त्या निवृत्त होणार होत्या. म्हणून तो कागद. नाहीतर असे कागद दरवर्षी येतात, आणि सगळे शिक्षक गेल्या वर्षीचंच उतरवून देतात.

त्यांनी मला एकदा सांगितलं, तेहतीस वर्षांत एकाही वर्गातल्या सगळ्या मुलांनी एक प्रयोग केलाय असं झालेलं नाही. टेबलाशी बाई उभ्या, पुढच्या बाकावरची चार हुशार पोरं परीक्षानळी धरणार, बाकीची माना उंच करून बघणार आणि शेवटी फळ्यावरचा निष्कर्ष सगळ्यांनी वहीत उतरवायचा. निष्कर्ष आधीच ठरलेला. “मी शिकवलं नाही हो वहिनी,” त्या म्हणाल्या, “मी लिहून दिलं.” हे बोलताना त्या शेंगा सोलत होत्या आणि सोलतच राहिल्या. मीही एक शेंग उचलली.

प्रयोग त्यांनी निवडला मिठाचा. दाट खारं पाणी पसरट भांड्यात ठेवायचं, हलवायचं नाही, रोज बघायचं आणि स्फटिक कसे धरतात ते लिहायचं. गॅस नको, काच नको, कपाटाची किल्लीसुद्धा नको. मिठागरवाल्याची मुलगी, तिला दुसरं काय सुचणार. आमच्या बिल्डिंगमधून श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा झाले. माझे सहा, वरच्या मजल्यावरचे नऊ, एक डबा बासुंदीचा होता, तोही चालवून घेतला. सत्तावीस भरले.

आणि मग बाईंनी ते डबे जुलैमध्ये मांडले.

घाई होती त्याला कारण होतं. नववीच्या वर्गात कातकरी वाडीवरची एकच मुलगी होती, सरू हिलम. पाचवीला वाडीवरची सहा मुलं आली होती, नववीपर्यंत पोचली ती एकटी. वाडीवरची घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरूचे आईबाप दरवर्षी जायचे, ती आजीकडे राहायची. आजी वैशाखात वारली, म्हणजे यंदा सरूही जाणार. दिवाळीआधी सगळं झालं पाहिजे असं बाईंनी मनात धरलं, आणि त्या नादात, जी गोष्ट त्यांच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल ती त्या विसरल्या. डबे खिडकीत मांडले. आठ दिवसांनी पाहिलं तर पाणी आटण्याऐवजी वाढलेलं. खाऱ्या पाण्यानं हवेतली ओल ओढून घेतली होती. पोरांनी वहीत इमानदारीनं लिहिलं, ‘पाणी जास्त झाले.’

रविवारी विलास मासळी घेऊन आला, त्याला हे कळलं. तो पायरीवरच बसला आणि हसायला लागला.

“आषाढात मीठ पिकवाया निघाली आमची बाय,” तो मला म्हणाला. “बाबा असता ना वहिनी, तर मीठ ओढायची फळी घेऊन पाठी लागला असता.”

बाईही हसल्या. पण तो गेल्यावर म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं. मी पुस्तकातला तक्ता बघितला, खिडकीबाहेर नाही बघितलं.

शाळेत मात्र ही गोष्ट हसण्यावारी गेली नाही, ती चघळली गेली. स्टाफरूममध्ये कोणी जेवायला मीठ मागितलं की कोणीतरी म्हणणार, घरतबाईंकडे मागा, सत्तावीस डबे आहेत. वाईट माणसं नव्हती ती. पण एका शाळेत विज्ञानाला एकच शिक्षक असला की त्याच्या कामातलं दुसऱ्या कुणाला कळत नाही आणि कळून घ्यायची गरजही नसते. मराठीच्या दोन बाई एकमेकींशी पेपरावरून भांडतात तरी. घरतबाई कुणाशी भांडणार? गेली कित्येक वर्षं त्या डबा प्रयोगशाळेतच खातात. शिपाई हिरामण तेवढा अधूनमधून येऊन उभा राहतो आणि गाडीची वेळ सांगून जातो.

मुख्याध्यापक कमळाकर सर बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांनी किल्लीची मागणी ऐकून घेतली आणि ऑगस्टमध्ये खरोखरच खिळा ठोकून दिला. एक उद्दिष्ट झालं, खिळ्याचा आणि किल्लीचा फोटो निघाला, चौकोनात चिकटला. वर्गाच्या उद्दिष्टाचं ते म्हणाले, बाई, ‘प्रत्येक’ कशाला लिहिलंत, ‘बहुतेक’ लिहा. अडचण येत नाही.

बाईंनी तो शब्द बदलला नाही.

ऑक्टोबरची उन्हं धरायची ठरली. विलासनं मागल्या सालच्या राशीतलं मीठ खाडीच्या पाण्यात विरघळवून दोन कॅन दिले, ते त्यांनी एकेक करून गाडीतून नेले. पण यंदा पाऊस जायचं नावच घेईना. दसरा भिजला, दिवाळीत आकाशकंदील प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावले लोकांनी. ऊन पडलं ते थेट तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. डबे पुन्हा मांडले तो सोमवार होता आणि गुरुवारी वाडीवर भट्टीवाल्याचा टेम्पो आला.

सरू शाळेत सांगायला आली. दप्तर परत करायचं असतं असं तिला वाटलं होतं, म्हणून घेऊन आली. बाईंनी दप्तर तिला परत दिलं आणि तिच्या डब्यावर झाकण घट्ट बसवून तोही दिला. काय काय करायचं ते सांगितलं. ऊन लागेल असं ठेव. हलवू नको. रोज बघ. खाली थोडं पाणी उरलं की ते सावकाश ओतून टाक, त्यात कडवटपणा असतो. आणि बघितलंस ते लक्षात ठेव, लिहिता आलं नाही तरी चालेल.

भट्टी कुठे आहे विचारलं तर तिला गाव सांगता येईना. पेणच्या पुढं, खाडीकडं, एवढंच म्हणाली.

म्हणजे बघा, ती निडीहून निघून बाईंच्या घराजवळ राहायला आली होती आणि बाई रोज उलट्या दिशेनं निडीला जात होत्या.

मार्गशीर्षात सव्वीस डबे झाले. कोणाचे खडे साखरेएवढे, कोणाचे चांगले शेंगदाण्याएवढे. एका मुलानं डबा रोज हलवून बघितला, त्याचं पीठ झालं. त्यानं वर्गात उभं राहून सांगितलं, मी हलवलं म्हणून असं झालं, आणि बाईंच्या मते तो सगळ्यांत चांगला प्रयोग होता. मला हे सांगताना त्यांचा चहा गार झाला. त्या संध्याकाळी मी त्यांना जेवायला थांबवलं. आमच्याकडे सगळे टीव्ही बघत जेवतात, त्या आपल्या ताटाकडे बघून जेवल्या आणि आठ वाजता खाली गेल्या. खाली दिवा लागला, रेडिओ लागला. बोलणारं दुसरं कोणी नसलं की त्या रेडिओ लावतात, ऐकतात असं नाही.

जानेवारीत कागद परत द्यायचा होता. कमळाकर सर म्हणाले, शंभर टक्के लिहून टाका. बाई म्हणाल्या, सव्वीस झालेत.

“सव्वीस काय नि सत्तावीस काय, बाई. ती पोरगी इथं नाहीच.”

“पटावर आहे ना?”

पटावर होती.  सरांनी आठवड्याची मुदत दिली.

त्या रविवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. चपला घातलेल्या, खांद्याला शाळेची पिशवी. म्हणाल्या, वहिनी, येता का, मला एकटीला जायचं अवघड वाटतंय. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी भाजी तशीच ठेवली आणि निघाले.

दोन भट्ट्या चुकलो. तिसऱ्या ठिकाणी रिक्षावाल्यानं आम्हाला बांधावर सोडलं आणि पुढं चिखल आहे म्हणून परत फिरला. विटांच्या लांबच लांब ओळी, त्यांच्या पलीकडे प्लास्टिक आणि पेंढ्याच्या पाचसहा खोप्या. सरू विटा उलथत होती. बाईंना बघून तिनं आधी हात मागं लपवले, मग पळत जाऊन आईला घेऊन आली.

आई म्हणजे इंदुबाई. अंगानं काटक, कमरेला पदर खोचलेला. बाप केरू मातीच्या खड्ड्यात होता, त्यानं तिथूनच हात जोडले आणि पाय चिखलातून काढलेच नाहीत. बाईंना बसायला उलटी पाटी दिली, मला विटा रचून दिल्या. शाळेतून बाई आली म्हणजे काहीतरी चुकलं असणार अशी त्यांची समजूत. इंदुबाई आधीच सांगायला लागली की नाव काढू नका, जूनला पाठवते. बाईंनी तिला थांबवलं आणि सरूला विचारलं, डबा कुठाय?

सरू आईकडे बघायला लागली. आई जमिनीकडे.

डबा खोपीतून आला. स्वच्छ घासलेला होता आणि त्यात सुकट भरलेली होती.

“मीठ सरलं व्हतं, बाई,” इंदुबाई म्हणाली. “बाजार लांब. मुकादम पैसं घेऊन शनवारी येतो. ही नाय नाय म्हनत व्हती, रडली पन. मी म्हटलं, मीठच हाय ना गो, त्याचं काय लोनचं घालाचं हाय? आन् टाकलं कालवनात.”

 मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मला खरं सांगायचं तर हसू येत होतं. सत्ताविसावा डबा कालवणात गेला होता आणि माणसांनी तो भातावर घेऊन खाल्ला होता.

मग बाईंनी सरूला विचारलं, कालवणात टाकायच्या आधी बघितलं होतंस?

“रोज बघत व्हते.”

“काय दिसलं?”

सरू खाली बसली. भट्टीच्या राखेत तिनं बोटानं एक चौकोन काढला. त्याच्या आत दुसरा, लहान. त्याच्या आत आणखी एक. म्हणाली, पहिल्यांदी पाण्यावर टिकल्या तरंगतात, चौकोनी, गोल नाही एकही. मग त्या जड होऊन बुडतात. वरून बघितलं तर आत आत पायऱ्या जातात, विहिरीला असतात तशा. भट्टीच्या बाजूनं ठेवला तेव्हा लवकर झाले आणि बारीक झाले, म्हणून नंतर तिनं डबा उन्हाच्या बाजूला नेला, तर मोठे झाले. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात आहे, पण ते दहावीच्याही पुढच्या.

बाई पाटीवरून उतरून राखेत तिच्यासमोर बसल्या. साडी पांढरट होती, तिचं काय झालं असेल ते मला घरी गेल्यावर दिसलं.

तेवढ्यात इंदुबाई म्हणाली, “पन बाई, राग नका मानू. त्या मिठाचं कालवन बराबर नाय झालं. जरा कडू लागलं.”

बाईंनी मान वर केली. “कडू? कुठं? जिभेच्या मागं?”

“व्हय. मागून. खारट आधी, कडू मागून.”

“शेवटचं पाणी ओतलं नाहीस तू,” बाई सरूला म्हणाल्या.

“इसरले.”

मग बाई आणि इंदुबाई बोलत बसल्या. मीठ कसं पिकतं, शेवटचं पाणी का सोडायचं, बाईंचे वडील ते पाणी जिभेवर ठेवून कसं ओळखायचे. इंदुबाईनं विचारलं की पावसात मीठ ओलं का होतं, आणि तव्यावर तापवून घेतलं की काही दिवस कोरडं राहतं ते का. बाईंनी सांगितलं. इंदुबाईनं अर्धं कबूल केलं, अर्धं केलं नाही. ती म्हणाली, तापवलं तरी मडकं नवीन असेल तर ओल येतेच, मी बघितलंय. बाई म्हणाल्या, हे मला माहीत नाही, करून बघायला पाहिजे. शाळेत डबा खाताना ज्यांच्याशी कधी कोणी बोललं नाही त्या बाई विटांच्या भट्टीवर तासभर एका बाईशी वाद घालत होत्या आणि मला कुणी विचारतही नव्हतं. केरू खड्ड्यातून दोनदा ओरडला की काम आहे, तेव्हा दोघी उठल्या.

 परत आल्यावर बिल्डिंगच्या फाटकाशी बाई म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत मला ठाऊक नसलेलं काही मला कुणी सांगितलं नव्हतं.”

सोमवारी त्यांनी कागदावर ‘२७ पैकी २७’ असं लिहिलं. चौकोनात मावेनात म्हणून मागं कोरा कागद जोडून सव्वीस फोटो चिकटवले. सत्ताविसाव्या फोटोच्या जागी लिहिलं: नमुना खाण्यात आला, विद्यार्थिनीने निरीक्षणे तोंडी सांगितली, चव कडवट.

कमळाकर सरांनी ते वाचलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. हे वर कोण घेणार? फोटो नसेल तर तो आकडा चढतच नाही. त्यांनी तोड सुचवली. दुसऱ्या कुणाचा डबा घ्या, तसाही पांढराच दिसतो, आणि भट्टीवर जाऊन त्या पोरीच्या हातात देऊन फोटो काढा. मी गाडीवरून सोडतो तुम्हाला. ते खरंच मदतीच्या भावनेनं बोलत होते. बाई म्हणाल्या, तो तिचा नसेल. सर म्हणाले, मग सव्वीसच जाईल. बाई म्हणाल्या, मी सत्तावीसच लिहिलंय, पुढं काय पाठवायचं ते तुम्ही बघा. पुढं सव्वीस गेलं.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी म्हटलं, काय फरक पडतो बाई, तुम्हाला ठाऊक आहे ना. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, सरूला ठाऊक आहे, तिच्या आईला ठाऊक आहे. मग थांबून म्हणाल्या, आणि आता तुम्हाला. एवढी यादी त्यांनी बोटांवर मोजली नाही, पण तेवढीच होती.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. विलासला यायला जमलं नाही, घरचं माणूस म्हणून मी गेले आणि मागच्या रांगेत बसले. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, नववीच्या दोन मुलींचं गाणं. सरूचं घर अजून भट्टीवरच होतं. कमळाकर सर मनापासून बोलले. प्रयोगशाळेच्या किल्लीची गोष्ट त्यांनी सांगितली, लोक हसले. मग म्हणाले, बाईंनी वर्षाच्या सुरुवातीला जे उद्दिष्ट ठरवलं ते जवळजवळ पूर्ण केलं, सत्ताविसांपैकी सव्वीस मुलांनी प्रयोग केला, ही काही लहान गोष्ट नाही.

बाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी लिहून आणलेला कागद उघडला, मग घडी करून पर्समध्ये टाकला. माईक जरा खाली ओढला.

“सत्तावीस,” त्या म्हणाल्या. “सरू केरू हिलम हिनंही केला. ती आज नाही.”

एवढंच बोलून त्या बसल्या. काय झालं ते कुणाला नीट कळलं नाही. हिरामणनं टाळ्या सुरू केल्या, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या.